अंगणात लाकडी होडी बांधायची तर आधी पावसाचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या साखळी गावाजवळ घर, पुढे मोठं अंगण, बाजूला पत्र्याची शेड. दोन माणसं बसतील अशी वल्ह्यांची लाकडी होडी स्वतःच्या हातानं करायची आहे. सुतारकामाचा अनुभव घरातली कपाटं आणि बाकडी एवढाच. गावातले जाणते सुतार म्हणतात आंब्याचा ओंडका घ्या आणि कोरा. इंटरनेटवर बघावं तर सगळीकडे प्लायवूड आणि इपॉक्सी (हार्डनर कालवला की घट्ट होणारी चिकट राळ). कोणाचं ऐकायचं, हत्यारं कोणती, किती वेळ लागेल, आणि गोव्याच्या पावसात ती टिकेल का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरं त्याच्यावरच ठरतात. लाकडी होडीला नदी मारत नाही, पाऊस मारतो. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला गोडं पाणी आणि हवा दोन्ही लागतात. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली राहिली तर ती वाढत नाही. खाऱ्या पाण्यातही तिचं फारसं चालत नाही. म्हणून किनाऱ्यावर उताणी पडून पावसाचं पाणी साठलेली होडी रोज खाडीत जाणाऱ्या होडीच्या आधी कुजते. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे किडे असतात हे खरं, पण ते कायम पाण्यात उभ्या असलेल्या होडीला लागतात. फिरून आल्यावर उचलून घरी आणायच्या होडीला त्यांची भीती नाही.

त्यामुळे तुमचं वेळापत्रक असं: तुळशीचं लग्न झालं की सुरुवात, शिगमो (शिमगा) येईपर्यंत लाकूडकाम आणि इपॉक्सी पूर्ण, एप्रिलमध्ये रंग. जुलैत आपल्याकडे हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते आणि उघड्यावरचं लाकूड हवेतूनच वीस टक्क्यांपर्यंत ओल ओढून घेतं. तेच लाकूड जानेवारीत बारा-तेरा टक्क्यांवर येतं. पावसात चिकटवलेलं आणि इपॉक्सीनं बंद केलेलं लाकूड म्हणजे ओल आत कोंडणं. सुट्टीच्या दिवशी पाच-सहा तास दिले तर पहिल्या होडीला शंभर-सव्वाशे तास धरा. नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये ते बसतात. फेब्रुवारीत सुरू करून मे महिन्यात उरकू असं म्हणाल, तर मृगाचा पाऊस तुमच्या अर्धवट होडीवर पडेल.

आता ओंडका. गावातले सुतार चुकीचं सांगत नाहीत. मांडवी-झुवारी नद्यांच्या काठच्या जुन्या होड्या आंब्याच्या एकसंध ओंडक्यातून कोरलेल्याच असायच्या. काठ उंच करायचा तर वर फळ्या काथ्यानं शिवायच्या, तोल कमी वाटला तर बाजूला पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची उलांडी बांधायची आणि लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल किंवा माशाचं तेल पाजायचं. हे शास्त्र पक्कं आहे. पण दोन माणसांच्या होडीला लागेल एवढ्या घेराचं झाड म्हणजे आजोबांच्या वेळचं कलम तरी नाहीतर रायवळ तरी. स्वतःच्या बागेतलं झाड तोडायलाही 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. ती मिळाली तरी ओला ओंडका सुकताना चिरतो, आंब्याला कीड लवकर लागते, आणि तयार होडी उचलायला चार-सहा माणसं लागतात. ज्याला दर आठवड्याला गाडीच्या टपावरून होडी न्यायची आहे त्यानं या वाटेला जाऊ नये.

दुसरी वाट म्हणजे लाकडाच्या बारीक पट्ट्या साच्यांवर एकमेकींना चिकटवत जायच्या आणि आतून-बाहेरून काचतंतूंचं कापड (फायबरग्लास) व इपॉक्सी लावायचं. दिसायला याच्यासारखी होडी नाही. दिवाडी बेटावरच्या यार्डात रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली ‘म्हादई’, जिच्यातून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिच्याही अंगात लाकडी पट्ट्या आणि त्यांवर फायबरग्लास आहे. पण घरी करायची तर हलकं, सरळ रेषांचं, गाठी नसलेलं लाकूड हवं आणि वेळ दुपटीहून जास्त. ही तुमची दुसरी होडी असू दे.

पहिली होडी प्लायवूडच्या फळ्या तारेनं शिवून आणि सांधे इपॉक्सीनं भरून करा. यात परकं काही नाही. आपल्याकडे खिळा न मारता फळ्या काथ्यानं शिवत होते. अजिंठ्याच्या चित्रावरून दिवाडीलाच शिवून बांधलेली ‘कौंडिण्य’ 2025 मध्ये नौदलात आली, तीही काथ्याच्या शिवणीवर. फरक एवढाच की त्यांची शिवण कायमची असते, आपली तार इपॉक्सी धरेपर्यंत.

आकार म्हणाल तर लांबी 15 फूट, मध्यावर रुंदी 33 इंच, खोली 13 इंच. पाच फळ्या: तळाची एक, गालांच्या दोन, काठाच्या दोन. दोन माणसं, थोडं सामान आणि होडी मिळून 190 किलो धरले तर ही होडी साधारण चार इंच बुडते आणि वर आठ-नऊ इंच काठ उरतो. मांडवीत मालवाहू बार्जची लाट आडवी आली तरी तेवढा पुरतो. रुंदी 28-29 इंचांवर आणली की होडी पळते जास्त, पण नवख्याला बसता बसता उलटते. आराखडा मात्र अनुभवी माणसानं काढलेला विकत घ्या. फळ्यांची मापं स्वतः कल्पनेनं काढायला जाऊ नका. घेतलेल्या आराखड्यावरून पुठ्ठ्याचा एकास दहा प्रमाणाचा नमुना करा. त्रिपुरारी पौर्णिमेला विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत सोडायच्या सजवलेल्या नावा करणारी पोरं तुमच्या आसपास असतील, त्यांना हाताशी घ्या. सपाट पुठ्ठा कडा जुळवल्यावर आपोआप कसा फुगतो हे एकदा हातात आलं की पुढचं अर्धं काम समजतं.

प्लायवूड 4 मिलिमीटर, आयएस 710 (मरीन प्लायवूडचं भारतीय मानक) शिक्क्याचं. बहुतेक आराखडे 8 बाय 4 च्या तीन शीटांत बसतात. एका शीटचं वजन आठ किलोच्या आसपास, म्हणजे तयार होडी तीस-पस्तीस किलोंची. दोघांनी सहज उचलावी अशी. 6 मिलिमीटर घेतलं की मजबुती वाढल्यासारखं वाटतं, पण वजन दीडपट होतं आणि टोकाकडे फळी वळता वळत नाही. दुकानात ‘मरीन’ छापलेलं सगळंच मरीन नसतं. शीटची कड चारी बाजूंनी बघा; मधल्या थरात पोकळी किंवा एकावर एक चढलेली साल दिसली तर ते शीट परत करा. मग कोपऱ्याचा तुकडा मागून घ्या आणि घरी पातेल्यात उकळा. मानकाच्या चाचणीत तो 72 तास उकळतात. तुम्ही दिवसभर उकळून, रात्रभर सुकवून, दुसऱ्या दिवशी परत उकळा आणि पकडीनं पिळा. थर सुटले तर तो माल कपाटाला.

काठाच्या पट्ट्या आणि वल्ही यांसाठी शिवण चांगलं. हलकं असतं आणि सुकल्यावर वाकडंतिकडं होत नाही. साग वापरायचा तर चिकटवण्याआधी सांध्याची जागा ॲसिटोननं पुसा, त्याच्यातलं तेल इपॉक्सीला नीट धरू देत नाही. माट (ऐनाचं लाकूड) आपल्या मानशींच्या, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या झडपांच्या, दारांना शोभतो, खाऱ्या पाण्यात टिकतो, पण होडीच्या काठाला तो फार जड.

राळ घेताना मात्र मोह टाळा. फायबरच्या होड्यांच्या दुरुस्तीला लागणारं पॉलिएस्टर रेझिन बंदरावर कुठंही मिळतं आणि इपॉक्सीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. ते लाकडाला धरत नाही. वर्षा-दोन वर्षांत कापड फोडासारखं उठतं, त्याच्या खाली पाणी शिरतं आणि प्लाय काळं पडतं. त्याच्यासोबत मिळणारी काचतंतूंच्या तुकड्यांची मॅटही नको. ती बांधणारा डिंक पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळण्यासाठी असतो, इपॉक्सीत ती नीट भिजत नाही. विणलेलं कापड घ्या, चौरस मीटरला 200 ग्रॅमचं. हार्डनर ‘स्लो’ मागा.

आता कामाकडे. 15 फुटी फळीसाठी 8 फुटी शीट जोडावं लागतं, आणि नवखे सगळ्यात जास्त घाबरतात ते या जोडालाच. जोड तिरका करायचा, जाडीच्या आठपट लांब, म्हणजे 4 मिलिमीटरला 32. जोडायच्या शीटा पायऱ्यांसारख्या एकावर एक ठेवा, प्रत्येक पायरी 32 मिलिमीटर मागे, खाली जाड फळी, आणि सगळ्या कडा एकदमच रंध्यानं उतरवा. रंध्याचं पातं धारदार हवं, कारण प्लायमधला गोंद धार खातो. बरोबर उतरतंय की नाही हे मोजायची गरज पडत नाही. थर उघडे पडत जातात तसे उजळ-गडद पट्टे दिसायला लागतात. ते पट्टे सरळ आणि समांतर असले की उतार एकसारखा. पट्टा एका जागी रुंदावला की तिथं उतार जास्त सपाट झालाय, वाकडा झाला की रंधा कलतोय. हे पट्टे बघत बघत हळूहळू घ्या. दोन्ही तोंडांना आधी नुसतं पातळ इपॉक्सी पाजा, दहा-पंधरा मिनिटं पिऊ द्या, मग घट्ट केलेलं लावून जोडा. वर प्लास्टिक, त्यावर फळी, त्यावर चिऱ्याचे दोन दगड. शिकंजा आवळून आवळून सगळं इपॉक्सी बाहेर काढलंत तर सांधा कोरडा राहतो.

फळ्यांच्या रेषा आखताना आराखड्यातले बिंदू मारा, प्रत्येक बिंदूवर बारीक खिळा, आणि खिळ्यांना लागून एक लांब लवचीक पट्टी वाकवा. मग जमिनीलगत डोळा नेऊन टोकाकडून बघा. एखादा खिळा पट्टीला बळजबरी करत असेल तर तो उपटा आणि पट्टीला तिच्या मर्जीनं जाऊ द्या. मिलिमीटरभर माप चुकलं तरी चालतं, रेषेत कुबड आलं तर ते होडी पाण्यात असेपर्यंत दिसत राहतं. डाव्या-उजव्या फळ्या एकावर एक ठेवूनच कापा आणि एकत्रच रंधा मारा.

तार म्हणजे घरातल्या वायरिंगची एकेरी तांब्याची तार, प्लास्टिक सोललेली. कडेपासून आठ-दहा मिलिमीटर आत भोकं, अंतर पाच इंच, टोकांकडे तीन. पहिल्यांदा सगळ्या तारा ढिल्या ओवा, होडी होडीसारखी दिसायला लागली की मग मध्यापासून दोन्ही टोकांकडे आवळत जा. आत तीन साचे उभे करा आणि त्यांच्या कडांना प्लास्टिकची टेप लावा, नाहीतर साचे होडीतच राहतील.

इथं थांबा आणि पीळ तपासा. काठांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवा, एक पुढे, एक मागे, आणि एका टोकाला उभं राहून एक डोळा मिटून दोन्हींच्या वरच्या कडा जुळवा. पुढची पट्टी डावीकडे वर दिसली तर होडीला पीळ आहे. नाळेपासून नाळेपर्यंत (होडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत) सूत ताणून साच्यांवरच्या मध्यखुणाही त्याखाली येतात का बघा. या घडीला होडी ठेवलेल्या लाकडी घोड्याखाली एक पाचर सरकवली की पीळ निघतो. सांधे भरल्यावर तो जन्मात निघत नाही आणि होडी कायम एका बाजूला ओढत राहते. या तपासणीला अख्खी संध्याकाळ गेली तर जाऊ द्या.

मग तारांच्या मधल्या जागेत इपॉक्सीचे टाके टाका. ते धरले की तारा काढा. जी निघत नाही तिला सोल्डरिंग आयर्न टेकवा, गरम झाली की सुटते. आता आतल्या सांध्यांत सलग भर. इपॉक्सीत लाकडाचं बारीक पीठ आणि थोडी सिलिका घालून चक्क्याइतकं घट्ट करा, चमच्याच्या पाठीनं गोलाई द्या, आणि ओलं असतानाच वरून तीन इंची कापडाची पट्टी. होडीची खरी ताकद या भरीत आणि पट्टीत आहे, नुसत्या प्लायमध्ये नाही. बाहेरून कडा अंदाजे सहा मिलिमीटरनं गोल करून घ्या, टोकदार कडेवर कापड बसत नाही, खाली हवा राहते. मग तळ आणि गाल मिळून एकच कापड.

इपॉक्सीची वेळ हा गोव्यात फार महत्त्वाचा भाग. सकाळी नऊला लावलंत तर दिवस तापत जातो तशी लाकडातली हवा फुगते आणि ओल्या थरात हजारो बुडबुडे येतात. दुपारी तीन-साडेतीनला सुरू करा, लाकूड थंड होत जातं आणि इपॉक्सी आत ओढून घेतं. पण संध्याकाळचं दंव पडायच्या आत ते धरायला लागलं पाहिजे आणि काम छपराखालीच हवं. सकाळी हाताला मेणचट थर लागला तर तो थिनरनं पुसू नका. तो पाण्यात विरघळतो, साधं पाणी आणि भांड्यांची घासणी पुरते. तो धुतल्याशिवाय पुढचा थर द्यायचा नाही. एका वेळी 150-200 ग्रॅमच कालवा आणि पसरट ट्रेमध्ये ओता. मगमध्ये ठेवलेलं बत्तीस डिग्रीच्या उन्हाळ्यात बघता बघता धुमसायला लागतं. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घालायचा नाही, त्यानं कायमचं मऊ राहतं. वजनकाट्यावर मोजा. हातमोजे दरवेळी घाला. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा झाली की आयुष्यभर जात नाही, आणि हाताला लागलेलं थिनरनं धुणं म्हणजे तिला आमंत्रण. साबण वापरा.

दोन्ही टोकांना छोटे हवाबंद कप्पे कराच. लाकूड बुडत नाही हे खरं, पण पाण्यानं भरलेली होडी दोन माणसांना धरून ठेवायला ते कप्पे लागतात. प्रत्येकाला फिरकीचं झाकण बसवा, घरी आल्यावर उघडं ठेवायचं. बैठक तळापासून आठ-नऊ इंचांवरच. खुर्चीच्या उंचीची केलीत तर सगळा तोल गेला. आणि स्क्रूसाठी भोक पाडाल तिथं आधी मोठं भोक, ते इपॉक्सीनं भरून, सुकल्यावर त्यात लहान भोक. उघड्या प्लायमधून गेलेला एकच स्क्रू तळ कुजवायला पुरतो.

नदीकाठी आपल्याकडे वाळू कमी, चिरा आणि खडकांना लागलेली कालवं जास्त. दोन्ही नाळांखाली आणि तळाच्या मध्यरेषेवर कापडाचा एक पट्टा वाढवा. इपॉक्सी उन्हात पिवळं पडून भुगा होतं, म्हणून वरून अतिनील किरण अडवणारं व्हार्निश नाहीतर रंग हवाच. मी रंगच सांगेन, आणि तोही फिकट. गडद होडी एप्रिलच्या उन्हात हात लावू देत नाही.

हत्यारांविषयी विचारलंत: रंधा, बारीक दातांची करवत, पटाशी, गुण्या, छोटं ड्रिल आणि मिळतील तेवढे शिकंजे. जिगसॉ असली तर दोन दिवस वाचतात, नसली तर काही अडत नाही. शेडमध्ये होडीच्या भोवती तीन फूट जागा सोडा. आणि हो, बाल्कांवात (घरापुढच्या पडवीत) बांधणार असाल तर 15 फुटी वस्तू खांबांच्या मधून वळून बाहेर निघते का, हे एक लांब बांबू घेऊन आजच बघा.

पाण्यात टाकण्याआधी पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स कार्यालयात विचारून घ्या. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यंत्राविना चालणाऱ्या नौकांच्या नोंदणीचीही तरतूद आहे. मासेमारी करायची तर मत्स्योद्योग खात्याचं वेगळं. पहिल्यांदा वाळवंटीच्या शांत पाण्यात, काठालगत, लाइफ जॅकेट घालून. मुद्दाम एकदा उलटवा आणि परत चढायला शिका. मांडवीत सकाळी जा. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो आणि ओहोटीच्या पाण्यावर तो समोरून आला की पणजीकडे पाणी उभं राहतं. खाजनांच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांच्या) वाटांत भरतीचं कोष्टक बघूनच शिरायचं, नाहीतर चिखलात सहा तास बसून राहाल. कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, तिथं हा उलटवायचा सराव नको.

पावसाळ्यात होडी पालथी, जमिनीपासून दोन फूट वर, छपराखाली, झाकणं उघडी. ताडपत्री अंगाला चिकटेल अशी गुंडाळू नका, आत घाम धरतो. ऑक्टोबरमध्ये नखानं तळ तपासा. जिथं रंग उडून प्लाय काळं दिसतंय तेवढं खरवडून पंधरा दिवस सुकू द्या, मग इपॉक्सी आणि रंग. एका दुपारचं काम आहे, पण दिवाळीनंतरवर ढकलू नका, कारण तेव्हा तुम्ही पाण्यावर असाल.